शिवण बाहेरून

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाचा हेवा केला नव्हता. समोरच्या रस्त्यावर तयार कपड्यांचं चकचकीत दुकान आलं, तेव्हाही ते काचेतल्या कोटाकडे बघून "खांदा पडलाय" एवढंच म्हणाले आणि आत येऊन चहा प्यायले. असा माणूस पंचावन्नाव्या वर्षी जळायला लागला, आणि जळला तो कुणावर, तर हॉस्पिटलात कापूस आणि चिमटा घेऊन फिरणाऱ्या एका ड्रेसरवर! जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, एवढंच त्या माणसाचं काम. वॉर्डातले सगळे त्याला कापूसभाऊ म्हणायचे. मास्तर त्याला मनातल्या मनात काय काय म्हणायचे ते इथे न सांगितलेलंच बरं.

पण पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही उगाच मास्तरांना दोष द्याल. द्या की, पण सगळं ऐकून द्या.

मास्तर कोट शिवायचे. कोपऱ्यावर एका खोलीचं दुकान, पुढे कापायचं लांब टेबल, मागे दोन मशिनं आणि खिडकीशी बायकोची खुर्ची. बेतणं, कापणं, शिवणं मास्तरांचं. काजं आणि बटणं बायकोची. तिचं काज असं की गिऱ्हाईक कोट हातात घेताच आधी काजावरून अंगठा फिरवायचं. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि तीसही वर्षं दोघं त्या एका खोलीत, दोन हातांच्या अंतरावर. भांडायची, तेसुद्धा हातातलं काम खाली न ठेवता.

मास्तरांना दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे कापडातला दोष त्यांना खपत नसे. थान उलगडायचं, उजेडात धरायचं, कुठे गाठ दिसली, एखादा धागा विरलेला दिसला, की त्याभोवती खडूने गोल काढून ते कापड बाजूला. "डाग तो डाग," म्हणायचे. "मेला डोळा तिथेच जातो." दुसरी खोड अशी की बायकोचं माप त्यांनी कधी टेपने घेतलं नाही. तिचा दरवर्षीचा कोट नुसत्या नजरेने बेतायचे. टेप गळ्यात लोंबत असायची, पण बायकोसाठी त्या टेपला हात लावायचे नाहीत. "टेप परक्यांना," असं वर ऐकवायचे. आणि कोट बसायचा हो! बोट शिरणार नाही असा बसायचा.

दुखणं सुरू झालं ते तिच्या तोंडातून. गालाच्या आत फोड, जिभेखाली फोड. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं जागरण. दाताच्या डॉक्टरने एक दाढ घासून दिली, गल्लीतल्या डॉक्टरने जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने ती बाई चहा पार निववून त्यात पाव भिजवून गिळत होती, आणि मास्तरांनी विचारलं की म्हणायची, "काही नाही हो, जीभ चावली." आता तीन महिने कुणाची जीभ चावते का? पण मास्तर कापडाकडे बघणारे. त्यांनी मान हलवली आणि कात्री चालवली.

मग एका दुपारी टेबलापाशी वळताना त्यांनी तिला बाजूला सारायला म्हणून मानेच्या खाली अंगठा टेकवला. नुसता टेकवला. तर अंगठ्याखालची कातडी सरकली. ओल्या कागदाचा वरचा पापुद्रा सरकावा तशी सरकली, आणि तिच्या कॉलरवर ओल पसरली. तिच्या तोंडून आवाजसुद्धा आला नाही, नुसता श्वास आत गेला. मास्तरांनी कॉलर खाली करून बघितलं. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये फोड होते, पाण्याने भरलेले, ढिले, आणि जिथे फुटले होते तिथे लालभडक ओलं मांस. पाठ रोज समोर असताना आपल्याला दिसली नाही, या विचाराने ते त्या दिवशी टेबलाजवळच्या स्टुलावर मटकन बसले.

हॉस्पिटलात कातडीचा तुकडा काढून तपासणी झाली. रोगाचं नाव पेम्फिगस. सासरहून आलेल्या लेकीने ते कागदावर लिहून घेतलं, कारण मास्तरांच्या जिभेला ते वळेना. डॉक्टरीणबाई मात्र समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "शरीराचे पहारेकरी आपल्याच कातडीवर उलटलेत. कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा जो चिकटा असतो ना, तो ते तोडतायत."

"म्हणजे टाके उसवतायत," मास्तर म्हणाले.

"बरोबर. लाखांत एखाद्याला होतो. कुणापासून लागत नाही, कुणाला लावत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आत्ताचा जोर उतरेल. पण मूळ आवरायला शिरेतून दोन इंजेक्शनं द्यायची, दोन आठवड्यांच्या अंतराने. पहिलं पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला. तोवर जखमांत जंतू शिरू द्यायचे नाहीत. जंतू शिरले तर इंजेक्शन लांबणार. आणि ते रक्तात उतरले, तर मात्र मास्तर, माणूस हातचा जातो. हे मी घाबरवायला सांगत नाही."

घाबरवायला नाही म्हणे! मास्तरांना त्या दिवसापासून झोप म्हणून लागली नाही.

बायकोला वॉर्डात दाखल केलं, आणि इथे आला कापूसभाऊ. रोज सकाळी दहाला ढकलगाडी घेऊन यायचा. दिसायला म्हणाल तर टक्कल, पोट सुटलेलं, आणि अंगातल्या पांढऱ्या सदऱ्याचा खांदा अर्धा इंच उतरलेला. मास्तरांनी पहिल्याच नजरेत ते टिपलं आणि त्यांना जरा बरं वाटलं. पण तो आला की पडदा ओढायचा, आणि बायको म्हणायची, "तुम्ही बाहेर थांबा."

"मी थांबतो की इथेच. हातभार लावीन."

"नको. बाहेर थांबा म्हटलं ना."

तीस वर्षांचा नवरा बाहेर, आणि काल आलेला गडी आत! मास्तर पडद्याला पाठ लावून उभे राहायचे. आतून पाण्याचा आवाज यायचा, चिमटा ताटलीत ठेवल्याचा आवाज यायचा, कापूसभाऊंचं हळू आवाजातलं "ताई, आता डावीकडे," आणि मग हसू. बायकोचं हसू! चांगलं मोठ्याने, दम लागेपर्यंत. दुकानात ती वर्षातून चारदा हसायची. आणि इथे रोज सकाळी दहा ते अकरा हसत होती, आणि तो टकल्या आतून म्हणत होता, "शाबास ताई, आणखी जोरात!"

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्यावर लेकीला म्हणाले, "तो माणूस काही बरा नाही."

"कोण, कापूसभाऊ? बाबा, सगळा वॉर्ड त्यांच्या हाताची वाट बघतो."

"हाताचं काय कौतुक? त्याला साधी कात्री धरता येत नाही. पट्टी कापतो ती नागमोडी."

"पट्टी कापायला सरळ कशाला लागते?"

"तुला नाही कळायचं," म्हणाले मास्तर. लेकीला सगळं कळत होतं. तिने ओठ दाबून हसू गिळलं आणि आईचा डबा भरायला घेतला.

हेवा लागला की माणसाला काय काय सुचतं! एकदा मास्तरांनी कापूसभाऊंच्या गाडीवरची कात्री हळूच घरी नेली, तिला धार लावली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत परत केली. "बोथट होती," म्हणाले. हेतू हा की बायकोने ऐकावं. कापूसभाऊ काय म्हणाला असेल? "वा मास्तर! फार उपकार झाले!" आणि दिवसभर वॉर्डात सगळ्यांना ती कात्री दाखवत फिरला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

शेवटी मास्तरांनी ठरवलं, जे आपल्या हातात आहे त्यानेच ह्याला मात द्यायची. हॉस्पिटलचे झगे जाडेभरडे. तिच्यासाठी आपण झगा शिवायचा. दुकानातलं सगळ्यात मऊ, दहा वेळा धुतलेलं सुती कापड काढलं. उजेडात धरून इंच न् इंच तपासलं. शिवणी सगळ्या आतल्या बाजूला घेतल्या, दोनदा दुमडून, एक धागा बाहेर दिसणार नाही अशा. बेताला टेप घेतली नाहीच. ती तर त्यांची ऐट. बायकोचं माप त्यांच्या डोळ्यांत होतं, तीस वर्षांचं पाठ केलेलं, आणि त्या मापाने त्यांनी बाहीचा मुंढा कापला, पाठ कापली. झगा असा झाला की दुकानाच्या काचेत लावावा.

दोन तारखेला संध्याकाळी त्यांनी तो नेला. बायकोने बराच वेळ हातात धरून ठेवला. शिवणीवरून अंगठा फिरवला, गिऱ्हाईक काजावरून फिरवायचं तसा. मग लेकीच्या मदतीने घातला. मास्तरांनी विचारलं, "बसला ना?"

"बसला," ती म्हणाली.

कापूसभाऊ दारातून जाताना थांबला, म्हणाला, "अरे वा!" मास्तरांची छाती इंचभर फुगली, आणि त्या रात्री त्यांना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गोळ्यांनी बायकोचं अंग सुजलं होतं. चेहरा गोल झाला होता, दंड, पाठ, सगळं भरलं होतं. रोज बघणाऱ्या मास्तरांच्या नजरेत मात्र ती अजून जुनीच होती. रात्रभर ती मापाची, सुंदर, आतली शिवण काखेत आणि पाठीवर घासत राहिली. सकाळी झगा अंगाला चिकटलेला होता. कापूसभाऊने पाणी सोडत सोडत तो दीड तास सोडवला. त्या दिवशी पडद्याआडून जे हसू आलं ते ऐकून बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीने कानांवर उशी घेतली. झगा बाहेर आला तेव्हा पाठीवर शिवणीच्या रेघेत, रेघ न सोडता, कातडी निघालेली होती. दुपारपर्यंत ताप चढला. तीन तारखेचं इंजेक्शन लांबलं.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "हा झगा कुणी घालायला दिला?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण कापूसभाऊ आधी बोलला. "मॅडम, काल माझ्या डोळ्यांसमोर होता अंगावर. शिवण हाताने बघायला हवी होती मी. चूक माझी."

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय करावं? हात हलका, हसवतो, आणि वर चांगुलपणातही पुढे! मास्तरांना त्या क्षणी त्याचा जितका हेवा वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता, आणि तो हेवा वाटतोय याचीच लाज वाटत होती. ते म्हणाले, "झगा मी शिवला. माप न घेता शिवला." आणि बाहेर गेले.

पाच दिवस ताप होता. त्या पाच दिवसांत मास्तरांनी दुकान उघडलं नाही. रोज जाऊन खाटेशी बसायचे आणि हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे, चुकून लागू नये म्हणून. सहाव्या दिवशी ताप उतरला. बायकोने डोळे उघडून चार घोट गार दूध घेतलं, आणि मास्तरांच्या मनात साठलेलं एकदम बाहेर पडलं.

"घट्ट होतं तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिवला होतात ना," ती म्हणाली. ओठ फुटलेले, त्यामुळे शब्द हळू येत होते. "तीस वर्षं तुमच्या नजरेने बेतलेलं बसलं. आता बसत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, ह्यांच्या डोळ्यांत तरी मी होते तशी राहू दे."

पण हेवा काय गप्प बसतो? तो बोललाच. "आणि त्याच्यापाशी एवढी हसतेस ते?"

"कोण हसतं?"

"तू. रोज. पडद्याआड. मी काय बहिरा आहे? माझ्याशी नाही हसलीस कधी इतकी."

ती म्हणाली, "अहो, मी हसत नव्हते. पट्टी सुटते तेव्हा जीव जातो. पहिल्या दिवशी रडले, तर डोळ्यांतलं खारट पाणी ह्या ओठांवर, तोंडातल्या जखमांवर आलं. आगीवर आग. कापूसभाऊ म्हणाले, ताई, ओरडायचं तर ओरडा, पण हसण्यासारखं ओरडा, डोळ्यांत पाणी येऊ देऊ नका. ते तसं ओरडायला शिकले मी."

मास्तरांनी खाली बघितलं. महिनाभर ते पडद्याला पाठ लावून तिचं ओरडणं ऐकत होते आणि त्या ओरडण्यावर जळत होते.

"मग मला का बाहेर काढायचीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते दिवसाला दहा पाठी बघतात. त्यांना माझी पाठ म्हणजे काम. तुम्ही एकच बघितलीत." ती म्हणाली. "आणि कापडावर एवढीशी गाठ दिसली तरी खडूने गोल काढता तुम्ही. माझ्या पाठीवर किती गोल काढाल?"

मास्तर उठले, बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथे, लोक येत-जात असताना, ढसाढसा रडले. त्यांच्या तोंडात जखमा नव्हत्या. त्यांना रडायला कुणाची हरकत नव्हती.

थोड्या वेळाने ते ढकलगाडीपाशी गेले. कापूसभाऊ कापसाचे बोळे करत होता.

"मला शिकवा," मास्तर म्हणाले.

"काय?"

"हेच. घरी गेल्यावर कोण करणार? लेकीला तिचा संसार आहे. हात दाखवा तुमचा."

कापूसभाऊने त्यांच्या हातात पाण्याची पिचकारी दिली. म्हणाला, "मास्तर, एकच गोष्ट. आपण पट्टी काढायची नाही. भिजवायची आणि थांबायचं. ती सुटली की उचलायची."

सोपं वाटतं, नाही? पण मास्तरांचा हात तीस वर्षं कच्चे टाके ओढायला सरावलेला. कोट पुरा झाला की कच्च्या टाक्याचं टोक धरायचं आणि एका झटक्यात सर्रकन काढायचं. त्यातच तर मजा. तो झटका बोटांत मुरलेला. त्यांनी स्वतःच्या हातावर भिजलेला कागद चिकटवला, वाळू दिला, आणि पाणी सोडून सोडून काढायचा सराव केला. पहिल्या दिवशी सात कागद फाटले. कापूसभाऊ शेजारी उभा राहून म्हणाला, "झटका आला बघा." मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आठवा कागद त्यांनी चिकटवलाच.

इंजेक्शन पंधरा तारखेला झालं. त्याच्या आदल्या दिवशी मास्तर गळ्यातली टेप काढून बायकोपुढे उभे राहिले. अंगाला न टेकवता, बोटभर अंतर ठेवून तिच्या पाठीमागे धरली.

ती म्हणाली, "झाले ना मी परकी?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "आजवर मीच न बघता शिवत होतो." आणि आकडे वहीत लिहिले. पाठ साडेतीन इंच वाढली होती.

दुसरा झगा त्यांनी उलटा शिवला. शिवणी सगळ्या बाहेरून, धाग्याची टोकंसुद्धा बाहेर, काखेत ऐसपैस, बटण नाही, काज नाही, बाजूला नुसत्या सैल नाड्या. शिकाऊ कारागिराने नशेत शिवावा असा तो दिसत होता. काचेत लावला असता तर दुकानाचं हसं झालं असतं. मास्तरांनी तो आधी कापूसभाऊपुढे धरला. त्याने आतून मनगट फिरवलं, काखेत फिरवलं, आणि मान डोलावली. मग मास्तर म्हणाले, "सदरा आणून द्या तुमचा. खांदा उतरलाय. पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलतोय."

दुसरं इंजेक्शन झालं, नवे फोड यायचे थांबले, तोंड भरत आलं. पाठीच्या जखमा अजून ओल्या होत्या, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी न्या, तिथे जंतू कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मास्तरांनी दुकानाच्या मागची खिडकी उघडली, हात तीनदा धुतले, आणि बायकोला तिच्याच खुर्चीत उलटं बसवलं, पाठ उजेडाकडे. ते उजेडात कापड बघायचे तिथेच. पाठ सगळी दिसली. जुने डाग तपकिरी, नवे गुलाबी, मधे ओल्या जागा, आणि शिवणीची ती सरळ रेघ, त्यांच्या स्वतःच्या हातची. खडू टेबलावर होता. मास्तरांनी तो उचलून खिशात टाकला.

पाणी सोडलं. थांबले. पुन्हा सोडलं. पट्टीचं टोक उचललं, आणि ती हसली. मोठ्याने, दम लागेपर्यंत. ज्या हसण्यासाठी त्यांनी महिनाभर जीव जाळला होता, ते आता त्यांच्या वाट्याला आलं होतं. मास्तरांचा हात थांबला. त्यांनी टोक सोडून दिलं आणि पिचकारी पुन्हा भरली.

"कापूसभाऊंचा हात हलका होता," दम घेत बायको म्हणाली.

"असेल," मास्तर म्हणाले. अजूनही झोंबलंच त्यांना. "मला घाई नाही. दुपारपर्यंत बसू." आणि त्यांनी परत पाणी सोडलं.